फोनिक्ससाठी (अक्षरांच्या आवाजांवरून इंग्रजी वाचायला शिकणं) खेळ सुचवा ना

देवगडची आई: लेक सीनियर केजीत, ए फॉर ॲपल पाठ आहे पण 'कॅट' दिलं की सी ए टी म्हणते नि गप्प, वर्कशीट बघून तर पळतेच.

गुहागरकर: एस ए टी पी आय एन ही अक्षरं आधी घ्या, यातूनच सॅट, पिन, टॅप असे शब्द होतात. अंगणात खडूने चौकोन आखून ठिकरी टाकायची, जिथे पडेल त्या अक्षराचा आवाज काढत लंगडी. 'सऽ' नको हां, नुसता 'स्', नाहीतर जोडताना 'सअॅटअ' असलं कायतरी होतं.

बालवाडीताई: पावसात ओटीवर भेंड्या, शेवटचा आवाज धरून. पॅन, नेट, टॉप. स्पेलिंग मध्ये आणू नका.

देवगडची आई: आणि सी, के दोन्ही 'क्'?

गुहागरकर: हो, तसंच सांगा. अक्षरं 26 नि आवाज 44च्या आसपास, गोंधळ होणारच.