रस्त्याने चालताना मुलगी सतत मोबाईलमध्ये, काय करावं?

कोथरूडची_आई:
मुलगी अकरावीला आहे, संध्याकाळी क्लासला चालत जाते, मधे कर्वे रोड क्रॉस करावा लागतो. कानात इअरफोन, डोळे मोबाईलमध्ये आणि पाय रस्त्यात. बोललं की "अगं आई मी बघते गं" म्हणते. फोन काढून घेणं शक्य नाही, क्लासचे सगळे मेसेज त्यावरच येतात. जीव टांगणीला लागतो, काही उपाय?

रोजची_पायपीट:
ताई एक विचारते, राग मानू नका. ती रस्त्यावर असताना तिला सगळ्यात जास्त फोन कोण करतं? बहुतेक घरांत आपणच असतो. "कुठे पोचलीस" हा कॉल नेमका क्रॉसिंगला येतो आणि नाही उचलला तर लगेच दुसरा. ते आधी थांबवा, पोचल्यावर मेसेज टाकायचा एवढंच ठरवा. बोलताना मान वर असली तरी लक्ष नसतं हो. अमेरिकेत वेस्टर्न वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या आवारात एका प्रयोगात एकचाकी सायकलवर विदूषक फिरवला होता, फोनवर बोलत जाणाऱ्यांपैकी पाव लोकांच्याच तो लक्षात आला, बाकीच्यांना पत्ताच नाही. त्यामुळे हँड्सफ्री आहे म्हणजे चालतंय असं समजू नका.

चालता_पुणेकर:
+१. आणि इअरफोन. ईव्ही स्कूटर आणि पीएमपीच्या इलेक्ट्रिक बसचा आवाज फार कमी असतो, त्यात नॉइज कॅन्सलेशन चालू असेल तर मागून काय येतंय कळतच नाही. शिवाय आपल्याकडे वन वेला उलटे घुसणारे आहेतच, म्हणून दोन्हीकडे बघावंच लागतं. तिला हिशोब करून दाखवा, ४० च्या स्पीडची गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे येते, मेसेज वाचण्यात ३ सेकंद गेले की ३३ मीटर. फुटपाथवरून उतरायच्या आधी फोन सॅकमध्ये आणि दोन्ही कान मोकळे. खिशात नको, खिशातून लगेच निघतो.

सध्या_योकोहामा:
इथे जपानमध्ये जवळच यामातो शहर आहे, तिथे २०२० साली नियमच केला, चालताना फोन बघायचा नाही, बघायचा तर बाजूला थांबून. दंड काही नाही तरी नियम आहे. जर्मनीत आउग्सबुर्गला २०१६ मध्ये ट्राम स्टॉपपाशी जमिनीतच लाल दिवे बसवले, खाली मान घालून चालणाऱ्यांना दिसावेत म्हणून. पण असे दिवे प्रत्येक चौकात कुठून येणार, मला तरी थांबायची सवयच खरी वाटते.

कोथरूडची_आई:
कॉलचं पटलं, आजच घरात सगळ्यांना सांगते. पण नवीन ठिकाणी जाताना मॅप तर बघावाच लागतो ना?

रोजची_पायपीट:
बघू दे की, पण दुकानाच्या पायरीशी उभं राहून, पुढची दोन वळणं लक्षात ठेवायची आणि मग निघायचं. अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंगमध्ये 'हेड्स अप' आहे का बघा, चालताना स्क्रीन बघितली की "समोर बघा" अशी सूचना येते. सगळ्या फोनमध्ये नसतं ते. असलं तर तिलाच चालू करू दे, तुम्ही केलंत तर बंद करेल.