डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) शेवटच्या टप्प्यात नाकातली नळी घालू नये

सुनंदा_नाशिक: बोलणं चार-सहा शब्दांवर आलेलं, उठून बसता येत नाही, घास तोंडातच राहतो. अशा अवस्थेतल्या माणसाला रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात अन्न सोडायची नळी, घालू नये, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटी ही वृद्धांवर उपचार करणाऱ्यांची संस्थाही सांगते की नळीपेक्षा हाताने भरवा. नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही. लाळ आणि पोटातून वर आलेलं अन्न श्वासनलिकेत जायचं ते जातंच. शिवाय पेशंट नळी ओढतो म्हणून त्याचे हात बांधतात. माझ्या सासूबाईंची मनगटं कॉटच्या दांड्याला बांधली होती, त्या ती सारखी फिरवत राहायच्या. डॉक्टरांशी बोलून आम्ही नळी काढून त्यांना घरी आणलं. पाठीला उशा लावून बसवायचं, हनुवटी किंचित खाली, दाटसर नाचणीची पेज अर्धा चमचा, गिळल्याची खात्री झाली की पुढचा. पोटात फारसं जायचं नाही, पण हात मोकळे होते. अशा पेशंटसाठी हॉस्पिस हवं, म्हणजे शेवटच्या दिवसांत बरं करण्यापेक्षा आराम देणारी सेवा.

अभय_चिंचवड: ताई, हे मला अजिबात पटत नाही. माझे वडील नळीवर आहेत. भरवताना ठसका लागून ते निळे पडले होते. माझ्या हातच्या घासाने बाप गेला तर ते मी कसं सहन करू? हॉस्पिसच्या नावाखाली म्हाताऱ्यांना उपाशी ठेवायची सोय होईल, ही भीती खोटी नाही. घराच्या वाटण्या तोंडावर असल्या की लोक काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर भान हरपलेल्या त्यांच्या सहकारी अरुणा शानबागना 42 वर्षं जपलंच ना?

रेखा_सिस्टर: अभय, त्या परिचारिकांनी वर्षानुवर्षं हातानेच भरवलं. नळी आली ती 2010 मध्ये मलेरिया झाल्यावर. शेवटी शेवटी शरीरच अन्न मागत नाही. तेव्हा तोंड ओल्या कापसाने पुसणं, ओठांना तूप लावणं, कूस बदलणं, धाप लागली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडं मॉर्फिन, हीच शुश्रूषा. याला उपाशी मारणं म्हणू नका. पण सुनंदाताई, न्यायचं कुठे तेही सांगा. वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून आहे, ते कॅन्सरच्या पेशंटसाठी. डिमेन्शियात किती दिवस उरले याचा अंदाजच येत नाही, म्हणून अशा पेशंटला खाट मिळणं महाकठीण.

अभय_चिंचवड: शानबागांबद्दल मान्य. पण आम्ही दोघंही नोकरीला जातो, ब्युरोच्या बाई बारा तास. एका जेवणाला पाऊण तास, तेही दिवसातून चार-पाच वेळा. बाई म्हणतात, नळी काढली तर मी काम सोडते. काय करू?

सुनंदा_नाशिक: तुमची अडचण खरी आहे, म्हणून तर मी हॉस्पिस मागते आहे. इमारत नसली तरी चालेल, घरी येणारी नर्स द्या. केरळने 2008 मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं, धोरण आणून ग्रामपंचायतींमार्फत घरभेटी सुरू केल्या. आपल्याकडे माणसं कमी आहेत म्हणून नळी घालतात आणि त्यालाच उपचार म्हणतात, याचा मला राग येतो. आणि ज्यांचे आईवडील अजून नीट बोलताहेत त्यांनी हा विषय आत्ताच काढावा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं. 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. स्मृती गेल्यावर ते करता येत नाही.

अभय_चिंचवड: आईचं करून घेतो. बाबांची नळी काढायला मात्र माझी तयारी नाही. हात बांधलेत, ते तेवढे सोडता येतील का, डॉक्टरांना विचारतो.