जड टूरर सोडून क्रूझर घेतलेल्यांनो, जरा लिहा

अकरा वर्षं एक मोठी टूरर, म्हणजे लांब पल्ल्याची मोटारसायकल, चालवतोय. फेअरिंग म्हणजे पुढचं प्लास्टिकचं आवरण, उंच काच, दोन्ही बाजूंना कडक पेट्या, मागे टॉप बॉक्स. टाकी भरली की चारशे किलोला थोडीच कमी. रस्त्यावर या वजनाचं कधी काही वाटलं नाही. ते सगळं गाडी थांबल्यावर अंगावर येतं. गेल्या महिन्यात पार्किंगमध्ये पुढे उतार आहे हे न बघता गाडीचं नाक आत घातलं आणि मग ती मागे घेता घेता घाम फुटला. रिव्हर्स गिअर माझ्या गाडीला नाही. शेवटी एका पोराने मागून ओढून दिली. "काका, थांबा, मी घेतो," म्हणाला. गाडी निघाली नाही त्यापेक्षा ते 'काका' जास्त लागलं.

तेव्हापासून डोक्यात क्रूझर आहे. कस्टम धाटणीची: बुटकी सीट, पुढे ताणलेला फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे), लहानशी टाकी, वर काच नाही की प्लास्टिक नाही. आकडे मला पाठ आहेत, ते नकोत. ज्यांनी खरंच हा बदल केला त्यांनी पहिल्या हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये काय झालं ते सांगा. पस्तावलेल्यांनी तर आधी.

*

उत्तरांची सुरुवात मी करतो. पहिल्याच दिवशी गेटमधून बाहेर पडून डावीकडे वळायचं होतं आणि मी थेट समोरच्या फूटपाथकडे निघालो. गाडी वळेचना. आधीच्या टूररच्या फोर्कचा कल २६ अंश होता, हिचा ३४. कागदावर आठ अंश म्हणजे काहीच नाही. हँडलवर मात्र ते असे जाणवतात, की चालण्याच्या वेगात पुढचं चाक स्वतःच्या वजनाने एका बाजूला लोळायला बघतं आणि तुम्ही त्याला सावरत बसता. मी मोकळ्या मैदानात तीन रविवार इंग्रजी आठचा आकडा काढत घालवले. हाफ क्लच, मागचा ब्रेक हलकासा दाबलेला, नजर चाकाकडे नाही तर जिथे जायचंय तिथे. पुढच्या ब्रेकला त्या वेळी हात लावायचा नाही. चौथ्या रविवारी जमलं. वेग घेतल्यावर मात्र हीच गाडी रुळावर ठेवल्यासारखी सरळ जाते, हेही सांगायला हवं.

दुसरी गोष्ट घाटातली. क्रूझर बुटकी, त्यामुळे तीसेक अंश कलली की फूटबोर्ड, म्हणजे पाय ठेवायची पट्टी, रस्त्याला टेकतो आणि 'खर्रर्र' होतं. फूटबोर्डला बिजागरी असते, तो वर दुमडतो. म्हणजे तो आवाज हा इशारा आहे, अपघात नाही. पण पहिल्यांदा ऐकला तेव्हा दचकून मी कललेली गाडी सरळ केली, आणि वळणात गाडी सरळ केली की ती वळणाबाहेर जाते. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून आज हे लिहितोय. आता वळणाच्या आधीच वेग कमी करतो आणि अंग आतल्या बाजूला थोडं झुकवतो, म्हणजे गाडीला कमी झुकावं लागतं.

*

माझं उत्तर एका शब्दात: माकडहाड.

पाय पुढे ताणून बसलेला माणूस फोटोत रुबाबदार दिसतो. खड्डा आला की आपण टूररवर नकळत पायांवर भार देऊन बूड इंचभर उचलतो. फॉरवर्ड कंट्रोल, म्हणजे ब्रेक-गिअर आणि पाय ठेवायच्या दांड्या पुढे, असले की पाय पुढे, बूड मागे, उठणार कशावर? जो काही धक्का बसायचा तो सीटवरून थेट मणक्यात. त्यात बुटक्या गाडीत मागच्या शॉकअपला हलायला जागा कमी. दोन महिन्यांत मी पायांच्या खाली येणारे, मधले पेग (पाय ठेवायच्या दांड्या) बसवून घेतले. रुबाब निम्मा झाला, पाठ पूर्ण सुटली. उंची साडेपाच फूट असेल तर आधी हेच करा.

*

वाऱ्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून? मग मी लिहितो.

काचेमागे बसून आपण विसरून जातो की वारा ही वस्तू आहे. पहिल्या मोठ्या रस्त्यावर १०० च्या पुढे गेलो आणि छातीवर कोणीतरी तळहात ठेवून मागे ढकलतंय असं वाटायला लागलं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून ११० वर गेलं की तो जवळपास दुप्पट. हँडल रुंद, हात पसरलेले, जॅकेट फुगलेलं. मी गाडी चालवत नव्हतो, शीड होऊन बसलो होतो. दीडशे किलोमीटरनंतर उतरलो तेव्हा बोटं हँडलच्या आकारातच वळलेली होती.

यावर उपाय लोक सांगतात तो काचेचा. मी वेगळ्या कारणाने थांबलो. जुन्या टूररच्या काचेची वरची कड बरोबर माझ्या कपाळासमोर यायची आणि तिथून फुटलेला वारा हेल्मेटला सतत थपडा मारायचा. क्रूझरवर वारा जास्त आहे पण तो एकसंध आहे, थपडा नाहीत. कानात इअरप्लग घातले की मान पूर्वीपेक्षा कमी दुखते. मग काच न लावता वेगच कमी केला. ८५-९० ला हात सैल राहतात. पूर्वी मी किती वेळात पोचलो ते सांगत असे, आता ते कोणाला सांगण्यासारखं राहिलेलं नाही. पावसात मात्र काही खरं नाही. गुडघ्यापासून खाली सगळं ओलं, बुटात पाणी, आणि पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थेट नडग्यांवर.

*

मी चालवत नाही, मागे बसते. तरी लिहिते, कारण मागे बसणाऱ्यांना कोणी विचारत नाही.

आमच्या जुन्या गाडीवर मला पाठीला टेकू होता, हात ठेवायला जागा होती. दुपारच्या वेळी मी चक्क डुलकी काढत असे. ह्यांनी नवी गाडी घेताना मला विचारलं ते एवढंच, की रंग कोणता घेऊ. मागची सीट घरी आल्यावर पाहिली. वहीएवढी. आणि तीही मागच्या बाजूला उतरती. पहिल्या सिग्नलला हिरवा दिवा लागला, ह्यांनी थ्रॉटल दिला आणि मी ह्यांच्या जॅकेटची कॉलर धरली म्हणून गाडीवर राहिले. ब्रेक मारला की माझं हेल्मेट ह्यांच्या हेल्मेटवर. ठक्. दिवसभर ठक् ठक्.

चाळीस किलोमीटरवर पहिल्यांदा थांबवलं, मग दर तीस किलोमीटरला. पुढच्या लांबच्या प्रवासाला मी सांगितलं, तुम्ही गाडीने या, मी बसने येते. बस दोन तास आधी पोचली.

त्यानंतर आठवड्याभरात पाठीला टेकू देणारा सिसी बार लागला, रुंद सीट आली. आता शंभर किलोमीटर निघतात. डुलकी मात्र गेली ती गेलीच.

*

माझी उंची पाच फूट एक इंच. टूररवर मी सात वर्षं पायाच्या बोटांवर उभी राहिले. लाल सिग्नल म्हणजे मला परीक्षा वाटायची. क्रूझरची सीट जमिनीपासून ७०० मिलिमीटरच्या आत, दोन्ही टाचा सपाट टेकतात. याचा आनंद इतका, की तिसऱ्याच दिवशी गाडी पाडली.

बुटकी म्हणजे हलकी नव्हे, हे कोणी सांगत नाही. माझी ३०० किलोच्या वर आहे. पार्किंगमध्ये हँडल पूर्ण वळलेलं असताना सवयीने पुढचा ब्रेक दाबला आणि ती उजवीकडे बसलीच. धरून ठेवायचा प्रयत्न केला नाही ते बरं; त्यात मनगट जातं.

उचलायची पद्धत मात्र मला येत होती, ती इथे लिहून ठेवते. आधी इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आत्ताच बाहेर काढा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाते. गाडी पहिल्या गिअरमध्ये घाला म्हणजे चाक फिरणार नाही. मग हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवा आणि गाडीकडे पाठ करा. बूड सीटच्या कडेला टेकवा, एक हात हँडलच्या खालच्या मुठीवर, दुसरा सीटखाली, हाताला चौकट लागेल तिथे. पाठ ताठ. आता उचलायचं नाही, पायांनी मागे ढकलत छोटी छोटी पावलं टाकायची. गाडी उभी होत जाते. वाटेत थांबायचं नाही. माझ्यासारखीला जमतं म्हणजे सगळ्यांना जमेल. आरशाची काच फुटली आणि क्लचच्या बाजूला काहीच झालं नाही, कारण पडली उजवीकडे.

*

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. तुम्ही जे करताय ते एका कारखान्याने फार पूर्वी केलंय. १९७१ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने सुपर ग्लाइड आणली. कंपनीचे डिझायनर विली जी. डेव्हिडसन यांनी तिच्यात काय केलं? त्यांच्याच मोठ्या टूररची चौकट आणि इंजिन घेतलं, बाकी जड सामान उतरवलं आणि पुढे स्पोर्टस्टर या त्यांच्याच लहान गाडीचा सडपातळ फोर्क लावला. गॅरेजमध्ये लोक स्वतःच्या हाताने हेच करत होते, मडगार्ड कापत होते, पेट्या काढत होते. ते पहिल्यांदा शोरूममध्ये आलं. पहिल्या वर्षीची तिची होडीच्या शेपटीसारखी मागची बाजू लोकांना रुचली नाही, ती गोष्ट वेगळी.

मग १९८४ मध्ये सॉफ्टेल. मागे शॉकअपच नाही असं दिसावं म्हणून ते गाडीच्या पोटाखाली आडवे लपवलेले. दिसायला जुनी कडक चौकट, आतून सस्पेन्शन. २०१८ पासून सॉफ्टेलला सीटखाली एकच शॉकअप आहे. हे सांगण्याचं कारण, वर माकडहाडाची तक्रार आहे. या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा ताण, बदलता येतो आणि बहुतेक लोक तो आयुष्यात बदलत नाहीत. एकटे असताना वेगळा, दोघं आणि सामान असताना वेगळा. दोघांच्या वजनाला तो सैलच ठेवला की शॉकअप आधीच निम्मा दबलेला असतो, मग पहिल्याच खड्ड्यात तळाला आपटतो. पेग बदलण्याआधी पाच मिनिटं तिथे घालवा.

*

होंडाच्या सहा सिलिंडरच्या गोल्डविंग टूररवरून आलोय. १८३३ सीसी, इंजिन सुरू आहे की नाही हे बघायला मीटर पाहावा लागायचा. आता ४५ अंशांचं व्ही-ट्विन, म्हणजे व्ही आकारात बसवलेले दोन सिलिंडर. दोन्ही पिस्टन क्रँकच्या एकाच खुंटीला जोडलेले, त्यामुळे ठोके समान अंतरावर पडत नाहीत. एक लवकर, एक उशिरा. लंगडी घालत चालल्यासारखं. उभ्या गाडीत आरशातलं जग थरथरतं आणि वेग घेतला की स्थिर होतं. मला हे आवडतं. तासाभरानंतर तळहाताला मुंग्या येतात, ते आवडत नाही. ट्रॅफिकमध्ये उजवी मांडी भाजते, ते तर अजिबात नाही. रिव्हर्स गिअरची आठवण एकदाच आली.

*

पस्तावलेल्यांना बोलावलंय म्हणून आलो.

चौदा महिने ठेवली आणि विकली. गाडी वाईट नव्हती. मी वर्षातून दोनदा दोन-अडीच हजार किलोमीटर जातो, ते तिच्यावर जमेना. साडेबारा लिटरची टाकी, लिटरला वीस किलोमीटर. हिशोबाने २५०, पण १९० ला दिवा लागतो आणि मग पुढचा पंप दिसेपर्यंत डोकं दुसऱ्या कशात लागत नाही. कुठे थांबायचं ते मी ठरवत नसे, टाकी ठरवत असे. कडक पेट्यांच्या जागी मऊ बॅगा आल्या, त्या दोरीने बांधायच्या, पावसात प्लास्टिक गुंडाळायचं, थांबलो की सगळं सोडून खोलीत न्यायचं. रोज सकाळी पाऊण तास बांधाबांध.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा माझं मलाच हसू आलं. मला नको होतं ते वजन. आणि मी काढून टाकलं काय, तर काच, पेट्या आणि मोठी टाकी. वजन शंभर किलोच कमी झालं. आता मधल्या आकाराची टूरर घेतलीय, अडीचशे किलोच्या आसपास, आणि पार्किंगमध्ये ती मी एकटा फिरवतो. तुमचा त्रास पार्किंगचा आहे की प्रवासाचा, एवढं आधी वेगळं काढा.

*

पुन्हा मीच, ज्याने विचारलं होतं.

शेवटचं वाक्य वाचून जुनी वही काढली. पेट्रोल भरल्यावर किलोमीटर लिहायची सवय आहे, ती पहिल्यांदा उपयोगी आली. गेल्या दोन वर्षांत लांबचा म्हणावा असा प्रवास फक्त तीनदा. बाकी सगळं सकाळी निघून दुपारपर्यंत घरी. म्हणजे पेट्या बहुतेक वेळा रिकाम्याच फिरवल्या.

काल एक क्रूझर दोन तास चालवून पाहिली. पहिल्या वळणाला फूटपाथ दिसला तेव्हा तुमची आठवण झाली, नजर उचलली, निघालो. बायकोला सोबत नेलं होतं. मी चावी हातात घेण्याआधी ती मागच्या सीटवर बसली, दोनदा हलून पाहिलं, उतरली आणि विक्रेत्याला म्हणाली, "हिचा फोम दाखवा." फोम बोटभरही नव्हता. रुंद सीट आणि सिसी बार मागवलाय, तीन आठवडे लागतील म्हणतात. ती सीट बसवून दोघांनी शंभर किलोमीटर केल्यावरच काय ते ठरवू. तोवर जुनीच आहे, आणि ती लावण्याआधी मी उतरून पार्किंगचा उतार बघतो.