मदत हवी आहे: 1946 साली हॉलंडहून कॅनडाला आलेल्या आजेसासूबाईंचं जहाज कसं शोधायचं?

मंडळी, जरा वेगळंच काम आहे. इथे नेदरलँड्समधले बरेच जण आहेत, कॅनडातलेही आहेत, म्हणून विचारतेय.

माझ्या नवऱ्याची आजी डच. एप्रिल 1945 मध्ये कॅनडाच्या सैन्याने जर्मनांच्या हातून तिचं आपेलडोर्न शहर सोडवलं. तिथेच त्या सैन्यातल्या आजोबांशी ओळख झाली आणि नोव्हेंबरात लग्नही. (पाच वर्षांच्या टंचाईनंतर लग्नाच्या फोटोत तीन मजली केक आहे! लष्कराच्या कोठारातूनच आला असणार.) आजोबा पलटणीबरोबर आधी परतले, ती मागून एकटी आली. युद्धकाळात परदेशात लग्न केलेल्या जवळपास 48,000 सैनिकांच्या बायका अशा कॅनडात आल्या. बहुतेक ब्रिटिश, डच दोन हजारांच्याही आत. प्रवासाचा खर्च कॅनडा सरकारचा.

आता खरी अडचण. सासरचे सगळे छातीठोकपणे सांगतात की आजी 'क्वीन मेरी' जहाजाने आली. पण क्वीन मेरीने या बायकांना कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात आणलं ते 1946 च्या उन्हाळ्यात. त्याआधी ती अमेरिकन सैनिकांच्या बायका न्यूयॉर्कला पोचवत होती. आणि आजी तर सांगायची, हूक ऑफ हॉलंडहून रात्रीची बोट, लंडनला मुक्काम, मग मोठं जहाज, आणि हॅलिफॅक्सच्या पिअर 21 या धक्क्यावरून आगगाडीत बसल्यावर खिडकीबाहेर नुसता बर्फ. उन्हाळ्यात बर्फ कुठला? फेब्रुवारी 1946 मध्ये 'मॉरितानिया' आलं होतं, शिवाय 'अक्विटानिया', 'लेटिशिया' ही जहाजंही याच कामावर होती. मला वाटतं, क्वीन मेरी हे नाव सगळ्यांच्या तोंडी असल्यामुळे चिकटलं. सासूबाईंसमोर मात्र हे अजून बोललेले नाही!

एवढं कळलंय की 1935 नंतरच्या आगमनाच्या नोंदी कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात नाहीत, इमिग्रेशन खात्याकडे आहेत. आजोबांची लष्करी फाइल अभिलेखागारातून मागवता येते, मृत्यूचा दाखला जोडून. लग्नासाठी वरिष्ठांची परवानगी लागायची, तेव्हा तो कागद तरी त्यात असावा.

तर विचारायचंय ते असं. इमिग्रेशन खात्याकडे असा अर्ज कुणी केलाय का? जहाजाचं नाव माहीत नसेल तर नुसत्या नावावर आणि जन्मतारखेवर शोधून देतात का? माहेरचं आडनाव द्यायचं की सासरचं? उत्तर यायला किती वेळ लागला?

दुसरं, डच विवाहनोंदी 75 वर्षांनी खुल्या होतात, म्हणजे 1945 ची आता मिळायला हवी. ती मिळाली तर जुन्या डच हस्ताक्षरातलं पान वाचून देणारं कुणी आहे का इथे? आइंडहोवन, ॲमस्टलव्हेनकडच्या मंडळींनो, तुमच्यावर भिस्त आहे. नावं इथे टाकत नाही, व्यक्तिगत निरोपातून कळवेन.