अमेरिकेतून संगणक मागवताना

अमेरिकी दुकानातून संगणक मागवताना फॉरवर्डरचा, म्हणजे तिथे आपलं पार्सल घेऊन भारतात पाठवणाऱ्या कंपनीचा, पत्ता द्या असा सल्ला देतात. तो बरोबर आहे, पण ऑर्डर बहुधा त्याआधी पैसे भरायच्या कार्डापाशीच अडते. दुकान बिलिंग पत्ता बँकेकडच्या नोंदीशी ताडून पाहतं. भारतीय कार्डावर तो बऱ्याचदा जुळत नाही आणि ऑर्डर रद्द होऊ शकते. म्हणून आधी दुकानाला विचारा, किंवा पेपॅल चालत असेल तर ते वापरा. फॉरवर्डरचा पत्ता डेलावेअर किंवा ओरेगन राज्यातला घ्या, तिथे विक्रीकर नाही.

कुरिअरचं भाडं नुसत्या वजनावर ठरत नाही, खोक्याचा आकारही बघतात. ५०×४०×३० सेंमीचा खोका, भागिले ५०००, म्हणजे १२ किलो धरले जातात, आत ७ किलोचाच डेस्कटॉप असला तरी. फॉरवर्डरकडून खोका लहान करून घेता येतो, पण ग्राफिक्स कार्ड असेल तर मूळ थर्माकोल काढू देऊ नका.

लॅपटॉप हवा असेल तर येणाऱ्या नातेवाइकाकडून आणवणं सगळ्यात स्वस्त: १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्कमुक्त आणता येतो. डेस्कटॉपला ही सवलत नाही. आणि हो, डेस्कटॉपच्या जुन्या धाटणीच्या एसएमपीएसवर (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर) ११५/२३० व्होल्टचं लाल बटण असतं. ते ११५वर ठेवून आपल्याकडे प्लग लावला की एसएमपीएस उडालाच.