दादाला यंदा गणपतीत उचलून वर न्यायचं नाहीये, मग काय करू?

सुदामानगरची

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

आमचं मराठी मंडळ इंदूरमधलंच, नाव लिहीत नाही कारण सगळे ओळखीचे आहेत. गणपती पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये बसतो, लिफ्ट नाही, बावीस पायऱ्या. माझा मोठा दादा ४१ चा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअरवर असतो. बोलणं जरा ओढत पण दोन मिनिटं थांबून ऐकलं तर सगळं कळतं. दरवर्षी चार मुलं त्याला खुर्चीसकट उचलून वर नेतात. मागच्या वर्षी मधल्या वळणावर एकाचा पाय सटकला, खुर्ची तिरकी झाली, दादाने कठडा धरला, हाताची सालटी निघाली, कसंबसं वर पोचलो तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मग त्याला पुढे पंख्याजवळ बसवलं, सगळ्यात आधी प्रसाद दिला आणि देताना मला विचारलं, "याला साखर चालते ना?" तो समोर बसलेला असताना मला.

आणखी एक गोष्ट जी मलाच इतकी वर्षं माहीत नव्हती. आरतीच्या दिवशी तो दुपारपासून पाणीच पीत नाही, कारण हॉलच्या बाथरूमचं दार इतकं अरुंद की खुर्ची आत जातच नाही.

यंदा म्हणाला, "मी येत नाही, तू जाऊन ये, मोदक आण." रागावून नाही, शांतपणे. मी कमिटीत विषय काढला तर सगळे म्हणाले, अगं मुलं आहेत ना, उचलतील, आपलीच मुलं. वाईट कोणीच नाहीये हो, तीच तर पंचाईत आहे. रॅम्प बनवायचा तर किती खर्च येतो? की दुसरं काही करता येईल?

सिव्हिलवाला_एमपी०९

ताई, आधी रॅम्पचा हिशोब करून घेऊ म्हणजे तो विषय संपेल. साधा नियम १ ला १२, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. साडेसहा इंची पायरी धरली तर बावीस पायऱ्यांचे १४३ इंच, म्हणजे १४३ फूट रॅम्प, आणि मध्ये थांबायला सपाट जागा लागते ती वेगळी. गल्लीच्या तोंडापासून सुरू करावा लागेल 😄

पण खाली पार्किंग असेल ना? गणपतीलाच खाली बसवा. पार्किंगला दोन पायऱ्या असतील तर तेरा इंच, तेरा फुटांत काम होतं, प्लायवूड आणि लाकडी ठोकळ्यांवर मंडपवाला एका दुपारी करून देईल. दोन्ही कडांना पट्टी मारायला सांगा, नाहीतर चाक बाहेर जातं. आणि कृपा करून त्याच्यावर सतरंजी अंथरू देऊ नका, मंडपवाल्यांना भारी हौस असते, ती चाकाखाली गोळा होते आणि खुर्ची तिथेच अडकते.

आणि कोणी म्हणालं "रॅम्प आहे की, स्कूटी चढते त्याच्यावरून" तर ऐकू नका. आपल्याकडे घराघरांत ओटल्याला ती लोखंडी पट्टी असते ना, ती गाडी रेस देऊन चढवायला असते, पावसाळ्यात तिच्यावरून चालता माणूसही घसरतो.

बाथरूमचं दार कमीत कमी ९०० मिलीमीटर, म्हणजे साधारण तीन फूट मोकळं पाहिजे. ते नसेल तर शेजारी ज्यांचं खालच्या मजल्यावरचं बाथरूम मोठं आहे त्यांना आधी विचारून ठेवा आणि दादांना आधीच सांगा की अमुक घरी सोय आहे. पाणी तर पिईल माणूस.

स्पष्ट_बोलतो

राग येईल पण विचारतो. एका माणसासाठी पन्नास वर्षांची जागा बदलायची? वर्गणी द्यायला लोक रडतात, त्यात हे. उद्या कोणी म्हणेल आवाज कमी करा, परवा कोणी म्हणेल लाइट कमी करा. सहानुभूती आहे, पण मंडळ चालवायचं पण असतं भिया.

चिवडा_कमी_तिखट

स्पष्ट_बोलतो, आवाज कमी करा म्हणणारी ती मीच 🙋‍♀️

माझा मुलगा १७ चा, ऑटिझम आहे. ढोल सुरू झाला की कान दाबून टेबलाखाली जातो. लोक म्हणायचे लाड केलेत, सवय लावा. शेवटी आमच्या मंडळातल्या एका काकूंनी तोडगा काढला, रात्रीच्या आरतीला येऊ नका, सकाळी सातला अथर्वशीर्षाला या, तेव्हा स्पीकरच लावायचा नाही. पहिल्या दिवशी आम्ही तिघं होतो. आता सकाळी वीस-बावीस माणसं असतात, त्यात अर्धे आजी-आजोबा, त्यांनाही तो दणदणाट सोसत नव्हताच पण बोलणार कोण. तेव्हा एका माणसासाठी म्हणू नका, आधी मोजा तरी की गुडघ्यांपायी किती जणींनी वरच्या हॉलमध्ये यायचं सोडलंय. आमच्याकडे मोजल्या तर अकरा निघाल्या.

माझा मुलगा तिथे सगळ्यांच्या चपला जोडीने लावतो, साइजप्रमाणे. एक जोडी इकडची तिकडे होत नाही.

झांकी_पाहिली_का

काकू, वाईट वाटून घेऊ नका, पण चपला? बाकीची मुलं स्टेजवर आणि हा चपलांपाशी, हे मला तरी खटकलं.

चिवडा_कमी_तिखट

मलाही खटकलं होतं, पहिले दोन दिवस उचलून आणला त्याला तिथून. तो परत गेला. त्याला ते आवडतं हे मान्य करायला मलाच वेळ लागला. तरी तुमचं म्हणणं सोडून देत नाही, यंदा त्याला खुर्च्या मांडायला आणि पानं वाढायला पण विचारणार आहे, नको म्हणाला तर नको.

अवांतर: पुढच्या वर्षी तो १८ चा होईल, मग बँकेत वगैरे त्याच्या वतीने मी सही कशी करायची?

पेटीवाले_काका

चिवडाताई, १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात याची सोय आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी कलेक्टरांच्या हाताखाली जिल्हा पातळीची समिती असते, ती कायदेशीर पालक नेमते. १८ झाल्यावर अर्ज करा, कागद आत्तापासून जमवा. याच ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, तीही बघून घ्या.

आता मूळ प्रश्न. मी जन्मांध, पेटी शिकवतो. स्पष्ट_बोलतो साहेबांसाठी एक माहिती, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सार्वजनिक इमारत म्हणजे फक्त सरकारी नाही, लोक जिथे येतात-जातात ती खासगी पण त्यात धरलीय. पण कायदा दाखवून कोणी आपल्याशेजारी बसून गप्पा मारत नाही, म्हणून तो मुद्दा इथेच सोडतो.

मला मंडळात काय छळतं सांगू? एक, "ओळखा पाहू मी कोण." प्रत्येक लग्नात, प्रत्येक गणपतीत, खांद्यावर हात ठेवून. अरे बाबा, चाळीस वर्षं परीक्षा देतोय, नाव सांग आणि बस. दुसरं, मागून दंड धरून ढकलत नेतात. त्यापेक्षा तुमचं कोपर माझ्या हातात द्या आणि पुढे चाला, पायरी आली की तुमच्या हातावरून मला आपोआप कळतं. तिसरं, व्हॉट्सॲपवर निमंत्रण येतं ते रंगीत चित्र. माझा फोन सगळं वाचून दाखवतो पण चित्र आलं की नुसतं "इमेज" म्हणून गप्प. कार्यक्रम किती वाजता, कुठे, काही नाही. आपण इंदूरवाले कचरा सहा डब्यांत वेगळा करायला शिकलो, चित्राखाली दोन ओळी टाइप करायला काय जातंय?

लहानपणी अनंत चतुर्दशीला वडील मला मिलच्या झांक्या, म्हणजे कापड गिरण्यांचे चित्ररथ, पाहायला न्यायचे, पाहायलाच म्हणतो मी. रात्रभर कानाशी सांगत असायचे, ही हुकुमचंद मिलची आली, हत्ती सोंड हलवतोय, मागे कारंजं, त्यातलं पाणी खरं आहे बरं का. मिल ९१ साली बंद पडली, वडीलही गेले, पण त्या झांक्या मला आजही तपशिलात आठवतात.

सुदामानगरची ताई, तुम्ही दादा काय करतात ते लिहिलंच नाही. फक्त पायऱ्या लिहिल्यात.

सुदामानगरची

काका, तुमचं शेवटचं वाक्य वाचून जरा वेळ फोन बाजूला ठेवला. खरंच नाही लिहिलं मी.

दादा बी.कॉम. आहे, घरी बसून तीन दुकानांचे जीएसटी रिटर्न भरतो, टॅलीत एका बोटाने टाइप करतो पण चूक काढून दाखवा. आणि आमच्या मंडळाचा हिशोब एका वहीत आहे, वहीतल्या पावत्या पिशवीत आहेत आणि पिशवी कोणाकडे आहे यावर दरवर्षी भांडण होतं. इतक्या वर्षांत ना त्यांच्या डोक्यात आलं ना माझ्या.

झांकी_पाहिली_का

मग मीटिंगला बोलवा त्यांना, आरतीला नंतर बघू. आणि बोलवायचं म्हणजे तुम्हाला सांगून नाही, फोन त्यांच्या नंबरवर जाऊ दे.

जाता जाता, कोणाकडे ऐकू न येणारी मंडळी असतील तर आपल्या तुकोगंज ठाण्यात मूकबधिरांसाठी पोलीस सहायता केंद्र आहे, तिथे साइन लँग्वेज कळणारी माणसं भेटतात. भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा सरकारी कोश पण ऑनलाइन आहे, निदान नमस्कार आणि "जेवलात का" एवढं तरी शिका.

सुदामानगरची

तीन आठवड्यांनी अपडेट देतेय, उशिराबद्दल सॉरी.

अध्यक्षकाकांनी दादालाच फोन केला. मधे दोनदा म्हणाले "ताईला दे", दादाने नाही दिला 😄 मीटिंग नेहमी एकांच्या ओटल्यावर असते, चार पायऱ्या. मी म्हटलं आमच्याकडे घेऊ, तर दादाच म्हणाला, "नाही, मग ती माझ्यासाठी घेतलेली मीटिंग होते, पार्किंगमध्ये घ्या, सगळ्यांना सोपं." घेतली. पहिली दहा मिनिटं तो बोलायला लागला की कोणीतरी त्याचं वाक्य पूर्ण करायचं, तेही चुकीचं. तो थांबायचा आणि परत पहिल्यापासून सुरू करायचा. चौथ्या वेळेनंतर लोक गप्प राहायला शिकले.

गणपती यंदा खाली बसतोय, त्यावर अजून दोघं नाराज आहेत, पावसाचं पाणी आत येईल म्हणतात आणि त्यात तथ्य आहे, सिव्हिलवाले दादा त्याचं काहीतरी सुचवा. शेजारच्या आजींचं बाथरूम ठरलंय. सकाळचं बिनस्पीकरचं अथर्वशीर्ष पण ठेवलंय, चिवडाकाकू थँक्यू.

हिशोब दादाकडे आलाय. पहिल्याच आठवड्यात त्याने मागच्या वर्षीची मंडपवाल्याची पावती मागितली, मग केटररची, मग विचारलं की ढोलपथकाला दोनदा पैसे कसे गेले. काल आमचे खजिनदारकाका मला रस्त्यात थांबवून हळूच म्हणाले, "काय गं, तुझ्या दादाला हॉलमध्ये वर बसायचं नव्हतं ना, मग जरा पंख्याजवळच बसव की."