स्मृतिभ्रंशाच्या देखभालीचा पैसा: संस्थेला, घराला की सेवेला?

धागाकर्ता:
स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तपासण्यांपेक्षा माणसाची सोबत अधिक लागते, आणि रात्री दाराशी जाणाऱ्याला परत आणणे किंवा चार डॉक्टरांच्या औषधांचा मेळ घालणे ही कामे कोणत्याही दरपत्रकात बसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०१९ मध्ये या आजाराचा जगभरातील खर्च सुमारे १.३ लाख कोटी डॉलर होता. त्यातील जवळपास निम्मा भाग म्हणजे घरच्यांची बिनपगारी सेवा. अमेरिकेत मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, जुलै २०२४ पासून ‘गाइड’ योजनेत देखभाल करणाऱ्या संस्थेला दर भेटीऐवजी दर रुग्णामागे मासिक रक्कम देणे सुरू केले असून त्यात समन्वयक, चोवीस तास दूरध्वनी आणि घरच्यांचे प्रशिक्षण येते. मला हाच मार्ग योग्य वाटतो.

प्रतिसाद:
असहमत. समन्वयक सल्ला देईल. आंघोळ कोण घालणार? याच योजनेत घरच्यांना उसंत मिळावी म्हणून वर्षाला जास्तीत जास्त २,५०० डॉलर आहेत, म्हणजे दिवसाला सातसुद्धा नाहीत, आणि दीर्घकालीन वैयक्तिक देखभालीचा खर्च मेडिकेअर एरवीही उचलत नाही. जर्मनीत १९९५ पासून देखभाल विमा सक्तीचा आहे आणि कुटुंबाला रोख भत्ता घेता येतो. राबणाऱ्याच्या हातात पैसा द्यावा.

दुसरा प्रतिसाद:
रोख भत्त्याचा एवढा गौरव नको. जर्मनीत तो देखभालीच्या गरजेच्या त्याच श्रेणीत व्यावसायिक सेवेसाठी मिळणाऱ्या कमाल रकमेच्या निम्म्याहूनही कमी असतो, म्हणजे घरच्यांचे श्रम स्वस्त धरूनच हिशेब मांडलेला असतो. जपानने २००० मध्ये देखभाल विमा आणला, चाळिशीपासून वर्गणी सक्तीची केली आणि रोख रक्कम जाणीवपूर्वक टाळून सेवाच दिल्या, कारण पैसे घरात आले की सुनेला नोकरी सोडायला लावणे सोपे होते, असा आक्षेप तिथल्या स्त्रियांनी घेतला होता. (सुनेच्या जागी लेक म्हटले तरी फरक पडत नाही.)

धागाकर्ता:
आंघोळीचा मुद्दा मान्य. मासिक रकमेने तो सुटत नाही. तरी विम्यातही पात्रता कशी मोजतात हे पाहावे लागेल. जर्मनीत २०१७ च्या सुधारणेपूर्वी शारीरिक असमर्थतेवरच मुख्य भर असल्याने, स्वतः चालणारा पण घरचा पत्ता विसरलेला माणूस कागदावर जवळजवळ निरोगी ठरत असे. समन्वयकाचे काम अशाच माणसासाठी आहे, आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे, याचे उत्तर वरील दोन्ही प्रतिसादांत मला सापडले नाही.